हत्त्यापासून हिशोबपट्टीपर्यंत
पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डचा इतिहास सहसा जागा, गाळे आणि कायदे यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु भाव ज्या भाषेत ठरतो ती कोणाकोणाला कळत होती, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे.

महाराष्ट्रातील अनेक पेठांत पूर्वी ‘हत्ता’ पद्धत चाले. आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन त्याबद्दल ‘आडत’ घेणारा मध्यस्थ, आणि खरेदीदार हे रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत. दाबलेल्या बोटांचा आकडा एककाचा की दशकाचा याविषयी दोघांत घोटाळा होत नसे, कारण त्या दिवशीची आवक, मालाचा उठाव आणि भाव कुठवर चढू शकेल याचा अंदाज दोघांपाशी आधीच असे. शेतकरी मात्र शेजारी उभा असूनही आपल्याच मालाच्या सौद्याला परका राहत असे. त्यातच शेर आणि मण यांची वजने ठिकठिकाणी बदलत असल्याने दोन पेठांतील भाव ताडून पाहणेही त्याला अवघड जाई.

हे चित्र बदलू लागले ते नियमांनी बांधलेल्या, म्हणजे नियंत्रित बाजारांमुळे. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 मध्ये कापसाचा असा बाजार सुरू झाला. मुंबई प्रांताचा बाजार कायदा 1939 चा, पुण्याची बाजार समिती 1957 ची आणि राज्याचा कायदा 1963 चा. याच सुमारास, 1956 च्या कायद्यानंतर, किलो आणि क्विंटल रूढ झाले. या नियंत्रणातून आलेल्या उघड लिलाव आणि अधिकृत तोल यांच्याइतकेच महत्त्व हिशोबपट्टीला द्यायला हवे: वजन, दर, आडत, हमाली, तोलाई असे एकेक कलम मांडणारा हा कागद हाती आल्यावरच कोणती कपात कशासाठी झाली हे शेतकऱ्याला विचारता येऊ लागले आणि पुढचा माल कोणत्या गाळ्यावर न्यायचा हे हिशोबाने ठरवता येऊ लागले. हमालांच्या बाबतीतही असेच घडले. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायत या संघटनेमुळे आणि 1969 च्या माथाडी कायद्यामुळे हमाली ही व्यापाऱ्याच्या मर्जीची बाब न राहता वाटाघाटीने ठरणारा दर झाली. 2016 मध्ये फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा पट्टीवरील एका कलमावरून राज्यभर वाद पेटला, यात नवल नाही.

आजही पुण्यात कांद्याचा भाव दहा किलोंवर, तर कोथिंबीर-मेथीचा शेकडा जुड्यांवर सांगितला जातो. जुडीचे वजन ठरलेले नसल्याने, शेकड्याचा भाव ऐकून फायदा-तोट्याचा अंदाज बांधायचा तर त्या हंगामातली जुडी केवढी बांधली जाते हे शेतकऱ्याला आधी ठाऊक असावे लागते.