केडगावला उतरल्यावर

साल १८९७. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून तुम्ही केडगावला उतरता. समोर उघडं माळरान. पुण्यात प्लेगने थैमान घातलं आहे आणि तिथल्या शारदा सदनात, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेत, नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. म्हणून मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी आणलेल्या ३०० च्या आसपास बायका-मुली इथे, सदनाच्या शेतावर, घाईने उभारलेल्या छपरांखाली येऊन राहिल्या आहेत.

तुमच्या पुढ्यात एक मुलगी उकिडवी बसली आहे. वय नऊ की तेरा, सांगता येत नाही. दंड तुमच्या दोन बोटांच्या वेढ्यात मावेल. केसांत उवा, हातात पेजेची वाटी. हिला भरपेट जेवू घालावं असं तुम्हाला वाटतं, तेवढ्यात मागून कुणीतरी अडवतं. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या पोटात एकदम अन्न गेलं तर माणूस दगावतं. आधी पातळ पेज, तीही थोडी थोडी. मुलगी वाटी चाटूनपुसून रिकामी करते आणि शेजारणीकडचा भाकरीचा तुकडा हळूच फाटक्या ओच्यात खोचते. उद्या पुन्हा जेवायला मिळेल यावर तिचा अजून विश्वास नाही.

बाई येतात. पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस. चाळिशीला टेकलेल्या रमाबाई त्या मुलीशेजारी खाली बसतात. ती हिंदीत काहीतरी पुटपुटते, बाई तिच्याच भाषेत उत्तर देतात. तो ओच्यातला तुकडा त्यांनी पाहिला आहे. त्या तो काढून घेत नाहीत.

का नाही घेत, हे कळायला आणखी वीसेक वर्षं मागे जावं लागेल. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे अन्नावाचून गेले. मग आई गेली, मग थोरली बहीण. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास अनवाणी देश तुडवत राहिले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुण्यात किती गदारोळ झाला, १८९३ मध्ये पालकांनी सदनातून मुली कशा काढून नेल्या, हे तुम्ही वाचलं असेल. त्या वादातले प्रश्न खोटे नव्हते. पण या माळावर उभं राहिल्यावर मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की जिचे आई-वडील आणि बहीण भुकेने नेले ती बाई त्याच भुकेच्या मुलखात परत गेली, आणि ख्रिस्तावरच्या भरवशानेच गेली.

योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात टोळांनी फस्त केलेली वर्षं भरून देण्याचं देवाचं वचन आहे. ती भरून कशी येतात, ते इथे दिसतं. आधी विहीर खणली जाते. मग फळबाग, जात्यावरची पाळी, सकाळची प्रार्थना, पाटीवर पहिलं अक्षर. सगळ्या मुली जगत नाहीत. ज्या राहिल्या त्यांची पेज वेळेवर चुलीवर चढते.

तीन वर्षं पुढे चला. गुजरातेत दुष्काळ आहे आणि केडगावच्या या आश्रयस्थानात, मुक्तीत, आता २००० च्या घरात बायका-मुली. मागांचा खडखडाट, तेलाचा घाणा, पुढे छापखानाही. अंध मुलींची बोटं ब्रेलच्या ठिपक्यांवरून सरकू लागतात, त्यांना शिकवणारी बाईंची लेक मनोरमा.

आता १९२१. मनोरमाही गेली. एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच. रमाबाईंना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं आहे. तरी टेबलावर मुद्रितं पडलेली आहेत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणायचं, हे काम त्या कित्येक वर्षं करत आहेत. खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या मुक्तीतल्याच बाया. तुम्ही दाराशी उभे राहता. त्या मान वर न करता एक शब्द खोडतात आणि त्याहून सोपा लिहितात.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं. मुक्ती मिशन आजही केडगावातच चालू आहे, पुण्यापासून साधारण ५५ किलोमीटरवर. तुमचे दिवस सध्या कठीण असतील, तर एकदा तिथे जाऊन या.