तिम्नाचे रथ आणि खंडाळ्याचा खडक

इस्राएलला जाणारे आपले पुष्कळ जमातबांधव यरुशलेमची पश्चिम भिंत पाहतात, दिमोना-बेरशेबातील नातेवाइकांना भेटतात आणि परततात. एलातच्या उत्तरेस २५-३० किलोमीटरवर असलेले तिम्नाचे खोरे राहून जाते. पार्सिपनीहून गेलो असता आम्ही ते मुद्दाम पाहिले.

तिम्ना म्हणजे तांबड्या वाळूच्या दगडाचे कडे व तांब्याच्या प्राचीन खाणी. एका अरुंद घळीत कड्यावर चित्रे कोरली आहेत : रथ, ढाल-कुऱ्हाड घेतलेले सैनिक, धनुर्धारी शिकारी, रानबोकड, शहामृग. अभ्यासक ती इ.स. पूर्व १३व्या-१२व्या शतकातील मानतात. तेव्हा तेथे मिसरी फारोंची सत्ता होती.

या खाणी शलोमो राजाच्या, असे नेल्सन ग्लुक यांनी १९३०च्या दशकात सांगितले. १९६९ साली बेनो रोथेनबर्ग यांना तेथे हाथोर या मिसरी देवीचे मंदिर सापडले, आणि शलोमोचे नाव मागे पडले. पुढे एरेझ बेन-योसेफ यांच्या उत्खननात, २०१३ नंतर, खजुराच्या बिया तपासल्यावर दिसले की दावीद-शलोमोच्या काळी, दहाव्या शतकातही, तेथे भट्ट्या पेटत होत्या. मात्र कामकरी अदोमी असावेत, असे त्यांचे मत आहे.

हाथोरच्याच मंदिरात तांब्याचा लहानसा साप मिळाला; त्याच्या डोक्याला सोन्याचा मुलामा आहे. मोशे रब्बेनूने रानात उभारलेला सर्प कोणाला आठवणार नाही? मिळालेला साप मिद्यानी लोकांच्या काळातला, आणि मोशेचे सासरे यिथ्रो मिद्यानीच. जुळते ते एवढेच. त्यापुढे दगड बोलत नाही.

खडकावरील रथ म्हटला की आपल्याला अलिबागजवळचे खंडाळे आठवते. एलियाहू हन्नबीच्या रथाची चाके व घोड्यांच्या टापा तेथील खडकावर उमटल्या, अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा. आजही आपले लोक तेथे नवस फेडतात, मलिदा करतात. कोकणातील आपल्या पूर्वजांनी शिलालेख कोरून ठेवले नाहीत. नवगावच्या जुन्या कबरींवर नावेही नाहीत. शब्बाथ, सुंता, शेमा आणि अशा आठवणी, यांवरच जमात टिकली.

येथे वाढलेली नातवंडे विचारतात, “हे खरे का?” त्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात, पण वेगवेगळ्या : उत्खननात काय मिळाले ते, आणि आपले लोक काय मानत आले ते. मग उद्या एखादा नवा शोध लागला, तरी खंडाळ्याच्या खडकाशी मूल आदराने उभे राहील.