हॅम्लेटचा विषाद

बापाच्या खुनाचा सूड घेण्याचें कर्तव्य समोर असतां हॅम्लेट पांच अंक कां रेंगाळतो, हा प्रश्न शेक्सपीअरच्या वाचकांस फार दिवसांपासून पडत आला आहे. त्यास मिळालेल्या उत्तरांचा इतिहास म्हणजे खिन्न मनुष्याकडे जग कसें पाहत आलें त्याचाच इतिहास होय, असें आम्हांस वाटतें.

नाटक लिहिलें गेलें सुमारें १६०० सालीं. शरीरांत काळें पित्त वाढलें म्हणजे विषाद जडतो, असें त्या काळचे युरोपीय वैद्य मानीत. त्रिदोषांशीं परिचित अशा आमच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटूं नये. टिमथी ब्राइट ह्या वैद्यानें १५८६ सालीं, व ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टननें १६२१ सालीं ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केले. पित्ताची उपपत्ति पुढें खोटी ठरली. तथापि खिन्नता ही व्याधि आहे, एवढें ती मान्य करी.

पुढील पिढ्यांनीं हें तत्त्व सोडलें. गटेनें १७९५-९६ च्या आपल्या कादंबरींत हॅम्लेटला कार्याचा भार न पेलणारा कोमल जीव ठरविलें. कोलरिजनें अतिविचाराचा दोष दिला. अखेर १९०४ सालीं ब्रॅडले ह्यांनीं दाखविलें कीं, राजपुत्र स्वभावतः दुबळा नाहीं; आईच्या उतावीळ पुनर्विवाहाच्या धक्क्यानें जडलेल्या विषादानें त्याचें कर्तृत्व गोठलें आहे. नाटकांत ह्यास आधार आहे. पित्याचें भूत भेटण्यापूर्वींच त्याला जगणें नकोसें झालेलें असतें. मराठींत आगरकरांनीं १८८३ सालीं आपल्या भाषांतरास 'विकारविलसित' हें नांव दिलें, तेंही ह्या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे.

परंतु आम्हांस अधिक विचारार्ह वाटतें तें त्याच्या घरच्यांचें वर्तन. बाप सर्वांचेच मरतात, आतां शोक पुरे, असा उपदेश राजा-राणी करतात. विटेनबर्गच्या विद्यापीठांत परत जाण्याची त्याची इच्छा मोडली जाते. पोलोनिअस प्रेमभंगाचें निदान करून मोकळा होतो. बालमित्र बोलावले जातात ते हेरगिरीसाठीं. निदान सर्वच करतात; ऐकून कोणीच घेत नाहीं. नाटकमंडळी येतांच त्याची वृत्ति क्षणभर खुलते, आणि होरेशिओजवळ तो मन उघडें करतो. त्याला लाभलेला विसावा काय तो एवढाच.

आजचें वैद्यकशास्त्र दीर्घ खिन्नतेला आजार मानतें व तिच्यावर उपचारही आहेत. तरीही घरांतील तरुण मुलगा अथवा सून महिनोन् महिने मूक बसली, कीं 'मनाला लावून घेऊं नये' हें क्लॉडिअसचेंच वाक्य आपल्या तोंडीं येतें. उपदेश थोडा आवरून आपण होरेशिओप्रमाणें जवळ बसून ऐकलें, आणि वेळींच वैद्याकडे नेलें, तर हें नाटक आम्हीं नीट वाचलें असें म्हणतां येईल.