वाफेचा मोह आणि पेट्रोलचे इंजिन

वऱ्हाडात यंत्रशक्ती प्रथम आली ती वाफेच्या रूपाने. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. पुढील काळात अकोला, अमरावती, खामगाव या कापसाच्या पेठांतून सरकी काढण्याचे व गाठी दाबण्याचे कारखाने उभे राहिले आणि बॉयलरची धुरांडी ही या पेठांची ओळखच होऊन बसली. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावरील ‘शकुंतले’ला तर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिनच ओढीत होते. इतका काळ वाफेचा पराक्रम पाहिल्यावर ‘वाफ म्हणजे शक्ती’ हे समीकरण लोकांच्या मनात रुजले तर त्यात नवल नाही. परंतु हेच समीकरण पेट्रोलच्या इंजिनाला लावले की हिशेब चुकतो, आणि त्या चुकीचे पैसे शेतकऱ्याच्या व रिक्षावाल्याच्या खिशातून जातात. म्हणून या विषयाचा इतिहास आम्ही थोडक्यात मांडणार आहोत.

वाफेच्या इंजिनात वाफ ही स्वतः कामकरी असते. तीच दट्ट्याला ढकलते. पेट्रोलच्या इंजिनात तसे नाही. तेथे पेट्रोलची वाफ ही केवळ जळण्याची पूर्वतयारी होय. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे बाष्प होऊन ते हवेत मिसळले पाहिजे, एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा मिळाली पाहिजे, आणि मग ठिणगी पडली पाहिजे. ज्वलनाने तापलेले वायू फुगतात व दट्ट्या ढकलतात. आता आकडे पाहा. एक किलो पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे साडेदहा हजार किलोकॅलरी उष्णता मिळते; त्याचे बाष्प करायला ऐंशी-पंच्याऐंशी पुरतात. म्हणजे शंभरातील एक भागदेखील नाही!

पहिल्या संशोधकांची अडचण निराळी होती. ऑटोने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, ते कोळशाच्या वायूवर चालणारे. १८८६ साली पेटंट मिळालेल्या बेंझच्या मोटारीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन तिच्यात बाष्प मिसळीत असत. परंतु अशा भांड्यातून पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जातो व जड अंश तळाशी उरतो; शिवाय मिश्रणाचे माप राखता येत नाही. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाखने आणि बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका यांनी बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडण्याची युक्ती योजली. तोच कार्ब्युरेटर. बाष्प करून देण्यापेक्षा माप राखण्याला येथे महत्त्व आले, आणि मोटारीचा मार्ग मोकळा झाला.

बाष्पकारी पात्राची खरी गरज होती ती रॉकेलच्या, वऱ्हाडी माणसाच्या मातीच्या तेलाच्या, इंजिनाला. रॉकेल आपण होऊन सहजी उडत नाही. इंग्लंडात प्रीस्टमन बंधूंनी १८८० नंतरच्या दशकात जळून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या उष्णतेवर रॉकेल तापवण्याची सोय केली. पुढे शेतीच्या लहान पंपांत हीच रीत रूढ झाली. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर घ्यायचे, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायचे. नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखले तरी ते दाद देत नसे. गार इंजिनात न उडालेले रॉकेल भिंतीवरून खाली झिरपून वंगण पातळ करी, तो तोटा वेगळा. शिवाय रॉकेल फार दाबले तर ठोका देते, म्हणून दाब कमी ठेवावा लागे आणि इंधन जास्त लागे. रॉकेल स्वस्त होते म्हणूनच हा व्यवहार परवडत असे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर शिधावाटपाचे नियंत्रण आले तेव्हा देशात अनेक मोटारींच्या मागे लोणारी कोळशाची भट्टी बसवली गेली. तेथे तर इंधन शंभर टक्के वायुरूप होते. मग शक्ती वाढली काय? उलट पुष्कळच घटली. त्या वायूत निरुपयोगी नायट्रोजनचा भरणा मोठा होता, आणि वायुरूप इंधन सिलिंडरातील हवेची जागा अडवीत होते. केवळ वायुरूप झाल्याने इंधन बलवान होत नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

तरीही मोह सुटला नाही. १९३० नंतरच्या दशकात कॅनडातील चार्ल्स नेल्सन पोग याच्या कार्ब्युरेटरविषयी गॅलनला दोनशे मैलांच्या गोष्टी प्रसिद्ध झाल्या. पेट्रोल आधी पुरते बाष्प करून द्यायचे, ही त्याची कल्पना. पेटंटे मिळाली, परंतु पेटंट म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे. तो दावा तटस्थ चाचणीत सिद्ध झाला नाही. मिश्रण फार तापवले तर ते विरळ होते, सिलिंडरात कमी मावते आणि ठोका देऊ लागते.

अकोल्याच्या उन्हाळ्याने तर हा धडा फुकट शिकवला आहे. येथे पारा सत्तेचाळीस अंशांपुढे गेलेला आहे आणि पेट्रोलचा हलका अंश चाळीसच्या आसपासच उकळू लागतो. जुन्या मोटारीच्या नळीत अवेळी बाष्प साठले की पंपाला पेट्रोल ओढता येत नसे, आणि भर दुपारी गाडी रस्त्यात उभी राही. मग चालक नळीवर ओले फडके गुंडाळी. बाष्प हवे, पण ते योग्य जागी व योग्य क्षणी!

खरी बचत कोठून झाली? एक, मिश्रण अधिक दाबण्यातून: जुने रॉकेल-इंजिन ते पाचव्या हिश्शापर्यंत दाबी, आजचे दुचाकीचे इंजिन दहाव्या हिश्शापर्यंत दाबते. दुसरी, अचूक मापातून: १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला व मोजून फवारणारी तोटी आली. २०२५ मध्ये पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. त्याला उडायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे मिश्रण थंड राहते व ठोका टळतो. मात्र त्याच्या लिटरात उष्णता सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, हेही विसरता येत नाही.

तेव्हा पेट्रोलची वाफ करून मायलेज दुप्पट करण्याचे साधन कोणी विकायला आणले, तर आमचे सांगणे एवढेच की त्याच्याकडे प्रशस्तिपत्रे मागू नयेत, मोजमाप मागावे. टाकी काठोकाठ भरावी, अमरावतीहून अकोल्यास जाऊन यावे, पुन्हा काठोकाठ भरून लिटर मोजावे; मग तेच साधन बसवून त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, तेवढ्याच ओझ्यानिशी हा हिशेब तीन-चारदा करावा. आणि पेट्रोल उकळण्याचा प्रयोग घरी तर कधीच करू नये. सिलिंडराबाहेर हवेत मिसळलेले ते बाष्प एका ठिणगीने घर पेटवते. वऱ्हाडचा शेतकरी कापूस काट्यावर तोलल्याशिवाय सौदा पुरा करीत नाही. पेट्रोलच्या बाबतीतही त्याने तोच काटा वापरावा.