एक, अनेक आणि कोयता : एका बालचित्रपटाचे पुनर्दर्शन

१

बालपणी पाहिलेला चित्रपट प्रौढपणी पुन्हा पाहणे या अनुभवाकडे आपल्या समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. स्मरणरंजन म्हणून तो सहसा बाजूला सारला जातो. वस्तुतः तीच संहिता त्याच प्रेक्षकांसमोर तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराने पुन्हा येते, तेव्हा मधल्या काळाचा सामाजिक इतिहास त्या दोहोंमध्ये उभा असतो. प्रस्तुत लेखात ‘एक अनेक और एकता’ (१९७४) या सुमारे सात मिनिटांच्या सचेतनपटाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. त्यासाठी बीड जिल्ह्यातील वडवणी येथे काही समवयस्क मित्रांसह झालेले त्याचे पुनर्दर्शन आधाराला घेतले आहे.

चित्रपटाची निर्मिती तेव्हाच्या फिल्म्स डिव्हिजनने केली. दिग्दर्शन विजया मुळे (१९२१–२०१९) यांचे होते. मुंबईत जन्मलेल्या, विवाहानंतर पाटण्यात स्थिरावलेल्या आणि इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे अध्ययन केलेल्या मुळे भारतातील फिल्म सोसायटी चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी होत. संगीत वसंत देसाई यांचे. ‘प्रभात’च्या परंपरेतून आलेल्या या संगीतकाराचे १९७५ मध्ये अपघाती निधन झाले. गाण्यातला कोवळा आवाज साधना सरगम यांचा. त्या तेव्हा शाळकरी वयात होत्या. समूहगीत विनयचंद्र मौद्गल्य यांचे. ते दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक आणि पलुस्कर परंपरेतले गायक. चित्रांकन आणि सचेतनीकरण भीमसेन यांचे. मुलतानात जन्मलेले आणि फाळणीत विस्थापित होऊन लखनौला आलेले. पुढे ‘घरौंदा’ (१९७७) दिग्दर्शित करणारे ते हेच. राष्ट्राच्या एकतेचे हे बालचित्र अशा रीतीने फाळणीने घर हिरावलेल्या हाताने काढले. दिग्दर्शन, संगीत आणि स्वर या तिन्ही बाजू मराठी माणसांच्या असूनही चित्रपट हिंदीत बोलतो. या दोन्ही गोष्टी त्याच्या निरागस पृष्ठभागाखाली दडलेल्या आहेत.

२

चित्रपटाचा रूपबंध साधा आहे. मुले मोठ्या बहिणीला ‘अनेक’ म्हणजे काय ते विचारतात. ती प्रथम उदाहरणे देते आणि नंतर गोष्ट सांगते. पाखरे दाणे टिपायला उतरतात, जाळ्यात सापडतात, सारी मिळून जाळ्यासकट उडतात आणि त्यांचे मित्र असलेले उंदीर ते जाळे कुरतडतात. ही कथा ‘पंचतंत्रा’तील ‘मित्रसंप्राप्ती’च्या आणि ‘हितोपदेशा’तील ‘मित्रलाभा’च्या आरंभी येते. मुंबईत १८२२ साली छापलेल्या ‘पंचोपाख्याना’पासून पंचतंत्राच्या गोष्टी मुद्रित मराठीत आहेत. म्हणजे मराठवाड्यातील मुलाला ही गोष्ट हिंदीतून ऐकताना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मात्र मूळ कथेचे दोन महत्त्वाचे घटक चित्रपटाने बदलले. संस्कृत कथेत कपोतांचा राजा चित्रग्रीव आहे. चित्रपटात राजा नाही. आहे ते एक शहाणे पाखरू. त्याचे स्थान अधिकाराने मिळालेले नसून सल्ल्याने मिळालेले आहे. लोकशाही राष्ट्राच्या दूरचित्रवाणीला हा बदल साजेसा होता. दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. संस्कृत कथेत हिरण्यक नावाचा उंदीर मित्राचे, म्हणजे राजाचे, पाश आधी तोडू पाहतो. चित्रग्रीव त्याला थांबवतो आणि अनुयायांना आधी मुक्त करावयास सांगतो. आधी कोण, हा प्रश्न त्या कथेचा नैतिक गाभा आहे. चित्रपटात जाळे कापले जाते आणि सारी पाखरे एकदमच मोकळी होतात. राजा गेला, त्याबरोबर क्रमाचा प्रश्नही गेला.

३

या चित्रपटाचा खरा विषय व्याकरण आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. हिंदी व्याकरणात ‘बहुवचन’ अशी संज्ञा रूढ आहे. मराठी शालेय व्याकरण ‘अनेकवचन’ म्हणते. त्यामुळे ‘अनेक’ हा शब्द मराठी मुलाला आधी भेटतो तो व्याकरणाच्या तासाला. बोलीत तो नाही. वडवणीत ‘लई’ असते, ‘बक्कळ’ असते, ‘अनेक’ नसते. हिंदीत ‘चिड़िया’चे ‘चिड़ियाँ’ होताना केवळ एक अनुनासिक वाढतो. मराठीत ‘चिमणी’च्या ‘चिमण्या’ होतात, ‘पाखरू’चे ‘पाखरे’ होते, आणि ‘बैल’ मात्र ‘बैल’च राहतो, तो एक की अनेक ते क्रियापद सांगते. दूरदर्शनसमोर बसलेले मूल एकतेच्या धड्याबरोबर परभाषेतल्या वचनविचाराचा धडाही नकळत गिरवत होते.

वचनाचे राजकारण या प्रदेशाला नवे नव्हते. मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. ‘एक’ होण्याचे तीन अनुभव त्याने बारा वर्षांत घेतले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि प्रश्न सुटायला, तोही नामविस्ताराच्या रूपाने, जानेवारी १९९४ उजाडावा लागला. १९८२ नंतर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन प्रक्षेपण केंद्रे वाढली आणि हा चित्रपट ग्रामीण घरांत पोहोचू लागला, तो नेमक्या याच काळात. पडद्यावरील पाखरांना जात नव्हती. पडद्यासमोर कोण खाटेवर, कोण जमिनीवर आणि कोण दाराबाहेर बसणार, हे मात्र ठरलेले असे.

४

पुनर्दर्शनासाठी एप्रिलचा महिना मुद्दाम निवडला. गळीत हंगाम संपून ऊसतोडीच्या टोळ्या तोवर परतलेल्या असतात. पाच जण होतो. दोघांचे बालपण दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, कारखान्याच्या तळावरच्या कोपीत गेलेले. गाणे पाचांनाही पाठ होते. पण आठवणींचे स्वरूप भिन्न होते. गावात राहिलेल्या तिघांना हा चित्रपट कोणत्याही दिवशी, कोणत्याही दोन कार्यक्रमांच्या मधे लागणारा म्हणून आठवत होता. उरलेल्या दोघांच्या आठवणीत तो फक्त उन्हाळ्यातला होता, कारण हिवाळ्यात त्यांच्यापुढे पडदाच नव्हता. राष्ट्रीय प्रक्षेपण सर्वांना एकाच क्षणी एकत्र आणते हे गृहीतक येथे तपासून घ्यावे लागते.

‘एक’ची उदाहरणे चालू असताना त्या दोघांपैकी एक जण म्हणाला, “आमच्यात एक कोयता म्हणलं की दोघं असतेत.” हे विधान या पुनर्दर्शनाचे सर्वांत मोलाचे फलित मानावे लागेल. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळीत दहा कोयते म्हटले की वीस माणसे समजायची. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यामागे, आणि खाडा पडला तर तो कापला जातो तोही कोयत्याच्याच हिशेबात. संस्कृतातले द्विवचन मराठीने केव्हाच टाकून दिले. ऊसतोडीच्या अर्थव्यवहाराने ते एकवचनाच्या वेषात परत आणले.

या एकवचनात जी बुजते ती स्त्री. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहणे यात तिचा वाटा असतो. व्यवहार नवऱ्याच्या नावाने होतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले. कोयत्याचे एकत्व टिकवण्याची किंमत कोणाच्या शरीरातून वसूल होते, हे त्यावरून कळते.

चित्रपटातील ‘दीदी’ही या संदर्भात वेगळी दिसू लागते. गोष्ट सांगायला तिच्यापाशी सवड आहे. आईबाप फडात गेल्यावर कोपीत धाकट्यांना सांभाळणारी ताई बहुधा त्याचसाठी शाळेतून काढलेली असे. “आमची ताई अशीच मोठी होती, पण तिला कोण विचारणार, अनेक म्हणजे काय ते?” असे तोच मित्र म्हणाला.

५

यावरून चित्रपट खोटा आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. ते योग्य नव्हे. पाचही जण शेवटच्या समूहस्वरात सामील झाले, आणि त्यात उपरोध नव्हता. एकतेचे मूल्य त्यांनी नाकारले नाही; त्यांनी आपापल्या अनुभवातून ते भरून घेतले. दरवाढीसाठी ऊसतोड कामगार संप करतात तेव्हा ‘कोयता बंद’ असे म्हटले जाते. हजारो माणसांचा निर्णय सांगताना भाषा तेथे ‘कोयते’ असे म्हणत नाही. दाणे टिपून जाळ्यात सापडलेल्या पाखरांप्रमाणे उचल घेऊन बांधली गेलेली माणसे या एकवचनात काही काळ तरी जाळे उचलतात. येथे एकता हा उपदेश राहत नाही, ती वाटाघाटीची ताकद होते. सात मिनिटांच्या चित्रपटाने दिलेल्या वाक्याचा त्यांनी केलेला हा अन्वयार्थ निर्मात्यांच्या मनात नसेल, पण संहितेत तो मावतो.

चित्रपट संपल्यावर दुसऱ्या मित्राने, स्वतः काही वर्षे टोळीबरोबर गेलेल्याने, इतकेच विचारले : “उंदरांनी जाळं तोडलं, पण आधी कोणाचं?” पंचतंत्र त्याने वाचलेले नव्हते. तरीही चित्रपटाने गाळलेला नेमका तोच प्रश्न त्याला दिसला. ‘एक’ आणि ‘अनेक’ यांच्यामध्ये क्रम असतो, आणि तो ज्यांच्या वाट्याला शेवटी येतो त्यांनाच तो आधी जाणवतो. चित्रग्रीवाचे उत्तर अनुयायी आधी असे होते. कोयत्याच्या व्याकरणात ते उत्तर द्यावयाचे तर आधी त्यातला लपलेला अर्धा भाग वेगळा मोजावा लागेल.