अजिंठ्याचा निळा

हिमरूच्या दुकानात आमची अम्मी दुकानदाराच्या शब्दावर कधी विसंबली नाही. शाल उचलून ती थेट पायरीवर जाई, उन्हात धरून बघे आणि मगच भाव विचारी. आत बल्बखाली काळी वाटलेली शाल बाहेर गर्द निळी निघायची. मला वाटे, दुकानदार फसवतोय. तो बिचारा कशाला फसवेल? बल्बच्या पिवळट उजेडात निळा भाग मुळातच थोडा. जो प्रकाश अंगावर पडलाच नाही, तो शाल परत तरी कुठून करणार?

अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग वस्तू शोषून घेते, काही परतवते. परत आलेल्या भागाला आपण तिचा रंग म्हणतो. बसऱ्याच्या इब्न अल् हैसमने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात कैरोत 'किताब अल् मनाझिर' लिहिले. प्रकाश आणि रंग वस्तूकडून डोळ्याकडे येतात, हे त्याने त्यात प्रयोगांनिशी मांडले. पांढऱ्या उजेडातच सारे रंग असतात, हे न्यूटनने १६७२ साली प्रसिद्ध केले. पण हा धडा मी शिकलो तो आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्यात.

अजिंठ्याच्या चित्रकारांचे बहुतेक रंग मातीचे आणि दगडांचे. लाल आणि पिवळी गेरू, डोंगरातली हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. निळा मात्र परदेशी. इसवी सनपूर्व काळातल्या नवव्या-दहाव्या लेण्यांत तो नाही. पाचव्या शतकातल्या, वाकाटकांच्या वेळच्या लेण्यांत येतो. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड. संस्कृतात राजावर्त, आमच्या घरच्या दखनीत लाजवर्द. या दगडात गंधकाचे तीन-तीन अणू एकत्र अडकलेले असतात. ते प्रकाशातला नारिंगी-पिवळा भाग गिळतात आणि निळा सोडून देतात. एवढ्यासाठी हा दगड डोंगर आणि वाळवंटे ओलांडून वाघूर नदीच्या काठी आला!

आता पुढची गोष्ट ऐका. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि जगाला ती पुन्हा ठाऊक झाली. रॉबर्ट गिलने १८४४ पासून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनमध्ये जळाल्या. या आगींबद्दल आपण हळहळतो, पण दुसरे नुकसान इथेच, भिंतीवर झाले. फिकट रेषा नीट दिसाव्यात म्हणून नकलाकारांनी मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवले. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२०च्या सुमारास सेक्कोनी आदी इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेले पापुद्रे चिकटवले, ते मोठेच काम. पण वर लाखेचा थर दिला.

कोणाचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. कोरडी वीट पाण्याने भिजली की कशी लालभडक दिसते! खडबडीत पृष्ठभागावरून पांढरा उजेड सगळीकडे विखुरतो आणि रंगाला फिका करतो. ओलाव्याने तो विखुरणे कमी होते. व्हार्निशनेही तेच केले. त्या दिवशी चित्रे झळाळून उठली असणार. पण लाख मुळातच पिवळसर, आणि व्हार्निश वर्षागणिक पिवळे-तपकिरी होत जाते. पिवळा पापुद्रा निळा प्रकाश शोषतो, आणि प्रकाशाला तो दोनदा पार करावा लागतो, जाताना आणि परतताना. पांढरा हळदीसारखा झाला, निळा हिरवट-काळा झाला. दगड आत तसाच होता. त्याचे परत दिलेले वाटेतच अडत होते.

मी शाळेच्या सहलीत प्रथम गेलो तेव्हा सेवक लांब वायरला लावलेला बल्ब धरून चित्रे दाखवी. पिवळा दिवा, त्यावर पिवळा थर. पुढे पहिल्या संग्रहात मी 'हळदी अजिंठा' अशी कविता लिहिली. लोकांना ती आवडली, अजूनही म्हणायला सांगतात. ती कविता लाखेवर होती, हे मला फार उशिरा कळले.

दहाव्या लेण्यात १९९९ पासून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी काजळी आणि लाख काढायला सुरुवात केली. काम अतिशय सावकाशीचे, कारण लाखेला चिकटलेला मूळ रंगही तिच्याबरोबर निघून येऊ शकतो. म्हणून घाई केली नाही ते बरेच. सगळे एकदम स्वच्छ करा म्हणणाऱ्यांना मी ग्रिफिथ्सची आठवण देतो.

आता त्या कवितेची नवी आवृत्ती निघते आहे. 'हळदी' बदलू का, असे प्रकाशकांनी विचारले. माझ्या प्रतीत त्या शब्दापुढे पेन्सिलीची फुली आहे. खोडलेला मात्र नाही.