पीडिताला निकाल कोणी कळवायचा?

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खटला शासनाचा. फिर्यादी केवळ साक्षीदार. निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क पीडिताला ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. घटना त्याआधीची म्हणून, बंगळुरूत मुख्यपीठ असलेल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जखमीचे अपील फेटाळले. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निर्णय फिरवला : घटनेची नव्हे, निकालाची तारीख महत्त्वाची.

१ जुलै २०२४ पासून तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मात्र हे कर्तव्य तपासापुरतेच. ज्याला निकालच कळला नाही, त्याने अपील कसे करावे? म्हणून सुनावणीची तारीख, जामीन व निकाल कळवण्याची जबाबदारी प्रत्येक न्यायालयात एका ठरावीक कर्मचाऱ्यावर सोपवली पाहिजे.